जपून

फेसबुकने प्रोफाइलला कुलूप लावायची सोय मे २०२० मध्ये भारतात आणली, तेव्हा मी ते लगेच लावलं. बडोद्याच्या मावशीने नातीकडून लावून घेतलं. तिच्या साडेनऊशे 'मित्रां'पैकी निम्मे तिला आठवत नाहीत. पण दार लावलं की घर सुरक्षित, हा तिचा हिशेब. माझा तरी कुठे वेगळा होता?

गेल्या वर्षी एका हिंदी कवयित्रीची कविता मी मराठीत आणली. तिने मूळ आणि अनुवाद दोन्ही टाकून मला टॅग केलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खाली शिव्या. आधी आडनावावरून तिची जात काढून झाली, मग नोकरीचं ठिकाण. मी टॅग काढला. माझं नाव तिथे नुसता मजकूर होऊन उरलं. त्यावर बोट ठेवून कुणालाही माझ्यापर्यंत पोचता येत नव्हतं.

रात्री तिचा मेसेज आला : 'दीदी, आप ठीक हैं ना?'

माझी भीती खोटी नव्हती. पालघरमध्ये २०१२ साली बंदविरुद्धच्या पोस्टवरून दोन मुलींना अटक झाली. एकीने लिहिलं होतं, दुसरीने फक्त लाइक केलं होतं. तेव्हापासून मी लाइकसुद्धा मोजून देते. पण ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडल्यावर फेसबुकने अफगाण लोकांसाठी झटपट कुलपाची सोय केली आणि त्यांच्या मित्रयाद्या बघण्याची, त्यांत शोधण्याचीही सोय तात्पुरती काढून घेतली. माझ्या यादीत माझं काहीच नसतं, सगळी दुसऱ्यांची नावं असतात, हे मला ती बातमी वाचताना कळलं होतं. कळलं होतं, एवढंच.

'सेफ्टी'साठी मी अनुवादात 'सुरक्षितता' लिहिते. शब्द बरोबर आहे, जरा पोलिसी आहे. आपल्याकडे त्याआधीचं क्रियापद आहे : जपणं. 'जपून राहा' म्हटलं की माणूस स्वतःपुरता आवरून बसतो. 'जप त्याला' म्हटलं की हात दुसऱ्याकडे जातो. मी पहिलं केलं. टॅग ठेवायलाच हवा होता असं मी म्हणत नाही, घरात शाळकरी मुलगी आहे. पण काढण्याआधी एक फोन करता आला असता.

'हाँ, ठीक हूँ,' मी उत्तर दिलं. टॅग पुन्हा लावायचा तर तो तिनेच लावायला हवा होता. लाव, असं मी म्हटलं नाही. तिनेही विचारलं नाही.