सलाफहादाच्या मुली आणि आपला कायदा



९ ऑक्टोबर २०२५ रोजी कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने नोकरदार स्त्रियांना मासिक पाळीसाठी दरमहा एक, म्हणजे वर्षाकाठी बारा दिवस भरपगारी रजा देण्याचे धोरण मान्य केले. सरकारी कचेऱ्यांबरोबर खाजगी क्षेत्राचाही त्यात समावेश होता. पुढच्या रविवारी येथे बंगळूरमध्ये उपासना आटोपल्यावर मंदिराच्या आवारात याच विषयावर बोलणे निघाले. मतभेद झाला तो पुरुष आणि स्त्रियांमध्ये नव्हे, स्त्रियांमध्येच. एक निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आयुष्यभर आम्ही समान वागणूक मागितली. आता आपण होऊन वेगळेपण मागितले, तर मालक म्हणेल, मग बाईला कामावर घ्यायचेच कशाला?" तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसणारी एक तरुण भगिनी जवळच उभी होती. ती हळूच म्हणाली, "टीचर, तुमच्या शाळेत दाराला कडी असलेली खोली तरी होती."

दोघींचेही म्हणणे मला खरे वाटले, आणि म्हणूनच हा लेख लिहावासा वाटला. कायद्याने स्त्रीचे स्त्रीपण पाहावे की त्याकडे डोळेझाक करावी, हा प्रश्न आपण ख्रिस्ती लोकांनी तरी परका मानू नये. लेवीयाच्या पुस्तकातील पंधरावा अध्याय स्त्रीच्या ऋतुकाळाची दखल घेतो. पण त्या दखलीपोटी तिच्या वाट्याला विटाळ येतो. मार्काच्या शुभवर्तमानातील रक्तस्रावी स्त्री बारा वर्षे अशा नियमांखाली जगली. तिने गर्दीत येऊन प्रभूच्या वस्त्राला स्पर्श केला, तेव्हा त्याने विटाळाचा शब्दही काढला नाही. तिला कन्या म्हणून हाक मारली. तिच्या शरीराचे दुखणे त्याने पाहिले नाही असे मात्र नाही. ते पाहूनच त्याने तिला बरे केले. तेव्हा प्रश्न पाहण्या-न पाहण्याचा नसून, पाहिल्यावर कायदा काय करतो, ओझे उतरवतो की चढवतो, याचा आहे.

पंडिता रमाबाईंनी १८८२ साली पुण्यात हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली, तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या, नुकत्याच विधवा झालेल्या आणि तान्ह्या मनोरमेच्या आई होत्या. ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. बाप्तिस्मा पुढच्या वर्षी, इंग्लंडात झाला. सरकारकडे त्यांनी मागितले ते वेगळेपणच होते. मुलींना शिकवायला स्त्री-शिक्षिका तयार करा आणि स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण द्या, कारण येथील स्त्री आपले दुखणे परपुरुषाला सांगण्यापेक्षा मरण पत्करते, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या मुख्याध्यापिकांचा मी वर उल्लेख केला, त्यांच्यासारख्यांच्या पदामागे अशा मागणीचा हात आहे, हे त्यांना सांगायचे त्या दिवशी राहून गेले.

आता दुसऱ्या प्रकारचे वेगळेपण पाहा. आपल्या विवाहांना लागू असलेला भारतीय घटस्फोट कायदा १८६९ सालचा. तो बेतला होता इंग्लंडच्या १८५७ सालच्या कायद्यावर. त्याच्या दहाव्या कलमाप्रमाणे पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. पत्नीला मात्र पतीचा केवळ व्यभिचार सिद्ध करून भागत नसे. त्याच्या जोडीला क्रूरता, किंवा दोन वर्षांचा परित्याग, किंवा तसलेच आणखी काही दाखवावे लागे. नुसती क्रूरता, नुसता परित्याग यांना तर घटस्फोटाच्या दृष्टीने किंमतच नव्हती. दारू पिऊन रोज मारणारा पती एकनिष्ठ असेल, तर त्या विवाहातून सुटका नव्हती. दावा चालू असताना पत्नीला मिळणारी पोटगी पतीच्या उत्पन्नाच्या एक पंचमांशापेक्षा अधिक असू शकत नसे. आणि चौतिसाव्या कलमाखाली पतीला पत्नीच्या प्रियकराकडून नुकसानभरपाई मागता येई, जणू शेजाऱ्याची गुरे शेतात शिरली होती! पत्नीला असा हक्क नव्हता, हे सांगायला नकोच.

इंग्लंडने १९२३ मध्ये आपल्याकडील व्यभिचाराचा हा दुजाभाव काढून टाकला. आपण तो आणखी अठ्ठ्याहत्तर वर्षे जपला. विधी आयोगाने १९६० मध्ये पंधराव्या अहवालात ख्रिस्ती विवाह व घटस्फोटाच्या कायद्याचा विचार केला. १९८३ मध्ये नव्वदावा अहवाल खास दहाव्या कलमावरच दिला. सरकारचे उत्तर ठरलेले असे: समाजातूनच एकमुखी मागणी येऊ द्या. ती मागणी घडवण्याचे काम ज्यांनी केले त्यांत ज्योत्स्ना चटर्जी यांचा जॉइंट विमेन्स प्रोग्राम होता. बंगळूर येथे १९५७ साली स्थापन झालेल्या, धर्म आणि समाज यांच्या अभ्यासासाठी असलेल्या ख्रिस्ती संस्थेशी त्याचे नाते होते. मसुदे तयार करणे, निरनिराळ्या चर्चच्या धर्माध्यक्षांना एका मेजाभोवती बसवणे, मंत्री बदलला की नव्या मंत्र्यापुढे तेच कागद पुन्हा ठेवणे, असे ते वर्षानुवर्षांचे चिकाटीचे काम. न्यायालये तोवर थांबली नाहीत. केरळ उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने १९९७ मध्ये हा दुजाभाव घटनाबाह्य ठरवला. अखेर २००१ साली संसदेने कायदा सुधारला.

त्या सुधारणेचे एक वैशिष्ट्य सहसा कोणी सांगत नाही. घटस्फोटाची दहा कारणे पती-पत्नींना समान झाली. परंतु पतीने केलेला बलात्कार किंवा तत्सम कृत्य हे एक जादा कारण फक्त पत्नीसाठी राखून ठेवले गेले. म्हणजे ज्या कायद्याने पुरुषाची मिरास म्हणून असलेला भेद पुसला, त्यानेच शरीराच्या व्यथेतून आलेला भेद ठेवला. मला हे विसंगत वाटत नाही.

काही सज्जन वाचक येथे अडखळतील, हे मी जाणतो. देवाने जोडलेले माणसाने तोडू नये ही प्रभूची शिकवण असता, घटस्फोट सुलभ व्हावा म्हणून बहिणींनी सरकारदरबारी खेटे घालावेत काय? घटस्फोट ही मलाही जखमच वाटते. पण १८६९ चा कायदा विवाहाचे पावित्र्य राखत होता असे म्हणणे धाडसाचे आहे. पतीसाठी दार उघडे आणि पत्नीसाठी बंद, यात पावित्र्य ते कोणते? त्या बंद दाराआड मार खात राहिलेल्या, किंवा माहेरी भावजयीच्या चुलीपाशी उभे आयुष्य घालवलेल्या स्त्रिया आपल्या मंडळ्यांत होत्या. त्यांच्यासाठी आपण प्रार्थना केली. कायद्याचे पुस्तक उघडले नाही.

आणि सत्ताधाऱ्यांपुढे जाऊन कायदा बदला म्हणणे हा अविश्वास असेल, तर गणनाच्या पुस्तकातील सत्ताविसाव्या अध्यायाचे काय करायचे? महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या सलाफहादाच्या पाच मुली दर्शनमंडपाच्या दारी, मोशे, याजक, सरदार आणि सर्व मंडळीसमोर उभ्या राहिल्या. बाप निपुत्रिक मेला म्हणून त्याचे नाव का पुसावे, आम्हांला वतन द्या, असे त्या म्हणाल्या. मोशेने त्यांना गप्प बसवले नाही. त्यांचे प्रकरण परमेश्वरापुढे नेले. निर्णय त्यांच्या बाजूने झाला, आणि तो सर्व इस्राएलासाठी विधी ठरला. छत्तिसाव्या अध्यायात घराण्याचे वडीलधारे पुरुष जमीन दुसऱ्या वंशात जाईल म्हणून तक्रार घेऊन आले आणि त्या मुलींनी कोणाशी विवाह करावा यावर बंधन पडले, हेही खरे. सुधारणा एका पावलात होत नाही. ते पुस्तक याबाबतीत फार प्रामाणिक आहे.

वतनाचा विषय निघालाच आहे, तर आपल्या वतनाविषयी. महाराष्ट्रातील ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. मुलगा-मुलगी यांना त्यात सारखा वाटा आहे, आणि त्याचा आपण अभिमान बाळगतो. पण बेचाळिसावे कलम वाचा. अविवाहित मुलगा किंवा मुलगी मृत्युपत्र न करता वारली आणि वडील हयात असले, तर सर्व मालमत्ता वडिलांची. आईला काही नाही. मृत मुलगा विवाहित पण निपुत्रिक असेल, तर अर्धी त्याच्या विधवेला, उरलेली अर्धी वडिलांना. आई येथेही नाही. वडील नसतील तरच आई येते, तीही मृताच्या भावंडांबरोबर सारख्या वाट्याने. नऊ महिने उदरात वाढवणारीचे नाव कायद्याला बापाच्या पश्चातच आठवते. विधी आयोगाने २०१४ मध्ये आपल्या २४७व्या अहवालात ही कलमे बदलण्याची शिफारस केली आहे. त्या शिफारशीचा पाठपुरावा करणारे पत्र आपल्या महिला संघांपैकी कितींनी लिहिले असेल?

ते पत्र जाईपर्यंत निदान मृत्युपत्र तरी करता येते. साधा कागद, सही आणि दोन साक्षीदार एवढे पुरते. नोकरीसाठी दूर शहरी राहणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे सांगा. बंगळूरमध्ये अशी मराठी ख्रिस्ती मुले-मुली आहेत, आणि त्यांच्या आया गावी त्यांच्या फोनची वाट पाहत आहेत.