शेवटचा शब्द वाचकाचा

वेबपानाचं रूप ठरवणारं सीएसएस शिकायला घेतलं की पहिले काही दिवस नुसती रंगपंचमी असते. 'कलर'पुढे लाल लिहायचं, फाइल सेव्ह करायची, पान रिफ्रेश करायचं, की मथळा लाल. मग बॉर्डर, गोल कोपरे, चौकटीमागे सावली. आपण सांगावं आणि पानाने ऐकावं, यात मोठं सुख आहे. नवशिक्याने ते मनसोक्त घ्यावं.

पुढे केव्हातरी पान ऐकेनासं होतं. नियम बरोबर लिहिलेला असतो, अर्धविराम जागच्या जागी असतो, तरी परिच्छेद निळा होत नाही. शोधाशोध केल्यावर कळतं, की त्याच परिच्छेदासाठी दुसरीकडे आणखी एक नियम लिहिलेला आहे आणि त्याचं वजन जास्त आहे. नुसत्या टॅगच्या नियमापेक्षा क्लासचा नियम वरचढ, क्लासपेक्षा आयडीचा वरचढ, आणि वजन सारखंच असेल तर नंतर लिहिलेला लागू. बरेच जण इथे वैतागतात आणि नियमापुढे उद्गारचिन्ह देऊन 'इम्पॉर्टंट' लिहून मोकळे होतात. मला मात्र सीएसएसमधली सगळ्यात विचार करण्याजोगी गोष्ट इथेच आहे असं वाटतं. कारण कुणाचं ऐकायचं हे ठरवताना आपल्या नियमांबरोबर वाचकाच्या इच्छेचाही विचार होतो, आणि तो अगदी पहिल्यापासून होत आला आहे.

होकोन विउम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये, सर्न या संशोधनसंस्थेत असताना, या पद्धतीचा पहिला प्रस्ताव मांडला. त्यात सूचनेपुढे टक्के लिहायची सोय होती. मथळा २४ पॉइंटचा हवा, १०० टक्के. उपमथळा २० पॉइंटचा हवा, ४० टक्के. आपल्याला काय हवं एवढंच सांगून भागत नव्हतं, त्याचा आग्रह किती तेही सांगायचं होतं, म्हणजे उरलेल्या टक्क्यांत दुसऱ्याच्या आवडीला जागा राहील. टक्के पुढे टिकले नाहीत. डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची पहिली आवृत्ती मान्य झाली, तिच्यात 'इम्पॉर्टंट' होतं. पान लिहिणारा आणि वाचणारा दोघांनीही ते वापरलं, तर लिहिणाऱ्याचं चालायचं. मे १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत हा क्रम जाणूनबुजून उलटा केला गेला. दोघांचाही आग्रह असेल तर आता वाचकाचा मानला जातो. ज्याला मोठीच अक्षरं लागतात, ज्याला काळ्यावर पांढरंच दिसतं, त्याची गरज आपल्या हौसेच्या आधी येते, हे नियमावलीतच लिहून ठेवलेलं आहे. ते ज्यांनी लिहिलं त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

वाचक स्वतः नियम लिहायला बसतो असं क्वचितच होतं. पण ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन अक्षर मोठं करणारे पुष्कळ असतात. मूळ अक्षर सहसा १६ पिक्सेलचं असतं. कुणी ते २० केलं, आणि आपण परिच्छेदाला १४ पिक्सेल लिहून ठेवले, तर त्याने केलेला बदल आपल्या पानावर लागूच होत नाही. तेच माप 'रेम'मध्ये, म्हणजे ब्राउझरमधल्या मूळ अक्षराच्या पटीत, दिलं तर अक्षर त्याच्या आकड्याप्रमाणे मोठं होतं. लिहायला दोन्ही सारखंच सोपं आहे.

मराठी पान करताना आणखी जपावं लागतं, कारण शिकवणारे धडे बहुधा रोमन अक्षरं समोर ठेवून लिहिलेले असतात. 'लाइन-हाइट' १.२ ठेवली तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना आणि रफारांना भिडतात. १.६ किंवा १.७ केली की ओळी मोकळ्या होतात. हा आकडा एककाशिवाय लिहावा. 'बॉडी'ला १.६ ईएम लिहिलं, तर १६ पिक्सेलच्या अक्षरावरून २५.६ पिक्सेल हे माप निघतं आणि तेच वारशाने मथळ्याकडे जातं. मग ३२ पिक्सेलच्या मथळ्याच्या दोन ओळी एकमेकींवर चढतात. नुसतं १.६ लिहिलं, तर मथळा स्वतःच्या आकाराला १.६ ने गुणतो. 'लेटर-स्पेसिंग'मध्येही असंच जपावं लागतं. रोमन मथळ्याला त्याने ऐट येते, देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि 'महाराष्ट्र' हा शब्द चार सुट्या तुकड्यांत दिसतो.

पान तयार झालं, की ब्राउझरमधलं अक्षर सगळ्यात मोठं करून ते एकदा वरपासून खालपर्यंत वाचून काढावं. बटणावरचे शब्द कुठे कापले जातात, कुठल्या चौकटीतून मजकूर बाहेर येतो, ते लगेच दिसतं. तिथे बहुधा आपणच ठरावीक उंची पिक्सेलमध्ये देऊन ठेवलेली असते. ती काढून टाकली की चौकट मजकुराबरोबर वाढते, आणि बहुतेक वेळा तेवढीच दुरुस्ती पुरते.