मेणबत्ती कोणाची?



एखादा नामवंत गायक तुरुंगात डांबलेल्या निरपराध माणसांसाठी फुकट गातो. टाळ्या पडतात, त्याचे नाव आणखी मोठे होते. आमच्या मनात लगेच शंका येते : हे खरे दान की स्वतःचीच जाहिरात?

ॲम्नेस्टी इंटरनॅशनल ही मानवी हक्कांसाठी झटणारी संस्था १९६१ साली लंडनमध्ये पीटर बेनेन्सन या कॅथलिक वकिलाने सुरू केली. काटेरी तारेत गुंडाळलेली मेणबत्ती हे तिचे चिन्ह डायना रेडहाउस या चित्रकर्तीने रेखाटले. ती मेणबत्ती जगभर लाखो लोक ओळखतात. चित्रकर्तीचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. उलट, १९७६ पासून जॉन क्लीज यांच्यासारख्या विनोदी नटांनी या संस्थेसाठी लंडनच्या रंगमंचावर कार्यक्रम केले. १९८८ साली मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याला ४० वर्षे झाली, तेव्हा स्टिंग, ट्रेसी चॅपमन, ब्रूस स्प्रिंगस्टीन आदी गायक देशोदेशी गात दिल्लीलाही आले. ही नावे तर सर्वतोमुखी होती.

मग रेडहाउस यांचे दान शुद्ध आणि गायकांचे हिणकस म्हणायचे का? आम्हांला तसे वाटत नाही. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते ज्याचे त्याला देण्याची स्थिर इच्छा म्हणजे न्याय. निरपराध कैद्याची सुटका हा आमचा उपकार नसून त्याचा हक्क आहे. देणे फेडताना फेडणाऱ्याचे नाव झाले म्हणून ते खोटे ठरत नाही. नाव झाले नाही म्हणून ते अधिक पवित्रही होत नाही. पाहायचे एवढेच, की कार्यक्रम संपल्यावर लोकांच्या लक्षात कोण राहिले, गायक की कैदी?

परंतु हाच न्याय उलट बाजूनेही लागू होतो. 'सत्कार्य आहे' म्हणून आपण गरीब पेंटरकडून फलक फुकट रंगवून घेतो, बँडवाल्याची शाल-नारळावर बोळवण करतो. नामवंताला एक रात्र फुकट देणे परवडते. याच्या घरची चूल त्या दिवसाच्या मजुरीवर पेटते. त्याने आपणहून दिले तर ते दान. आपण भिडेला घालून काढून घेतले तर ती त्याच्या हक्काची चोरी.

म्हणून पुढच्या सणाला कोणाही कलाकाराला बोलावताना आपण आधी मजुरी विचारू या. ती नाकारण्याचे स्वातंत्र्य त्याचे आहे, आपले नव्हे.

आपला,
प्रमुख धर्मगुरू