बाज उचलायला कोण सांगणार?



काही दिवसांपूर्वी मी आपल्यापैकीच एका घरी गेलो होतो. घरातले काका सोलापूरला अँजिओप्लास्टी करून अक्कलकोटला परतले होते. डॉक्टरांनी सर्व ठीक झाल्याचे सांगितले होते. तरी काका भिंतीकडे तोंड करून पडून होते. मी पवित्र तेलाची कुपी काढली, तशा काकू दारातच रडू लागल्या. "फादर, इतकं का वाईट आहे?" काका हळूच म्हणाले, "माझं आता काय राहिलंय, फादर? घरात पाण्याचा तांब्यासुद्धा कुणी उचलू देत नाही."

रक्तवाहिनी मोकळी झाली होती, पण भीती आत तशीच अडून बसली होती.

प्रियजनहो, या भीतीला आपण किरकोळ समजतो. वैद्यकशास्त्र तसे समजत नाही. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दर पाच रुग्णांपैकी साधारण एकाला गंभीर नैराश्य येते. १९९३ साली कॅनडातील मॉन्ट्रियल शहरातील २२२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जे नैराश्यात होते, त्यांच्यात पहिल्या सहा महिन्यांतील मृत्यूचे प्रमाण पुष्कळ जास्त आढळले. सततच्या चिंतेने नाडी व रक्तदाब वाढतो. शिवाय खचलेला माणूस गोळ्या चुकवतो, चालायला जात नाही, जेवणाचे पथ्य सोडून देतो.

याचा अर्थ मन प्रसन्न ठेवले की गोळ्यांची गरज नाही, असा मुळीच नाही. २००३ साली अमेरिकेत सुमारे अडीच हजार रुग्णांचा अभ्यास झाला. नैराश्यावर उपचार केल्याने रुग्णांचे मन सुधारले, परंतु त्यामुळे मृत्यू कमी झाले असे दिसले नाही. मन औषधाची जागा घेत नाही. पण मन बरे होणे हीसुद्धा माणसाची गरजच आहे. बेन सिराच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय हेच शिकवतो: आजारपणात प्रार्थना करा, आणि वैद्यालाही मान द्या, कारण त्यालाही परमेश्वरानेच निर्माण केले आहे.

आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण घ्या. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेद्वारे आदिवासींची सेवा करणारे डॉ. अभय बंग यांना ऐन चाळिशीत हृदयविकाराने गाठले. स्वतः डॉक्टर असूनही! त्यांनी औषधोपचार घेतले. त्याबरोबर आहार बदलला, चालणे, योगासने आणि ध्यान सुरू केले, आणि आपल्या जगण्याच्या रीतीकडेही प्रामाणिकपणे पाहिले. 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकात त्यांनी हे सारे मोकळेपणाने लिहिले. आजाराने त्यांचे काम संपले नाही. खेड्यातील नवजात बाळांना घरीच वाचवण्याचा त्यांचा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

आता योहानच्या शुभवर्तमानाचा ५ वा अध्याय आठवा. बेथेस्दाच्या तळ्याकाठी ३८ वर्षे आजारी असलेला माणूस पडून आहे. बरे व्हावेसे वाटते का, असे प्रभू त्याला विचारतो. तो साधे 'होय'सुद्धा म्हणत नाही. मला तळ्यात सोडायला कुणीच नाही, एवढेच तो सांगतो. आजारापेक्षा एकटेपणा त्याला अधिक बोचतो आहे. प्रभू त्याला विश्वास कमी म्हणून रागावत नाही. त्याला बरे करताना तो एक कामही सांगतो: स्वतःची बाज स्वतः उचल आणि चालू लाग.

आपण काय करतो? एक तर "देवावर विश्वास ठेव, रडतोस काय" असे म्हणून दुखणेकऱ्याला दोष देतो. नाही तर मायेपोटी त्याच्या हातातला तांब्या काढून घेतो. दोन्हींनी तो अधिकच एकटा पडतो.

आणि पवित्र तेलाची भीती का? रुग्णांच्या तैलाभ्यंगाचा संस्कार केवळ मरणाच्या दारातल्यांसाठी नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच स्पष्ट केले आहे. गंभीर आजारात बळ मिळावे, धीर यावा म्हणून तो आहे. फादरांना शेवटच्या घटकेला नव्हे, ऑपरेशनच्या आधी बोलवा.

या आठवड्यात आपण तीन गोष्टी करू या. आजारी शेजाऱ्याकडे जाऊन सल्ले न देता अर्धा तास त्याचे ऐकू या. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल, तर त्याच्यासोबत सकाळी ऊन चढण्याआधी थोडे चालू या. आणि त्याची उदासी दोन आठवडे हटली नाही, झोप-भूक गेली, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालू या. जीव नकोसा झाला असे तो म्हणाला, तर एक दिवसही थांबू नका. त्यात लाज नाही, अविश्वासही नाही.

त्या काकांनी त्या दिवशी तेल लावून घेतले. काकूंनी डॉक्टरांना विचारून दारातल्या तुळशी-मोगऱ्याला पाणी घालायचे काम त्यांच्याकडे दिले आहे. तांब्या आता त्यांच्याच हातात असतो.

हे प्रभो, आमच्या आजारी बांधवांच्या हृदयाला बळ दे, त्यांच्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना कुशल हात दे. आणि 'मला कुणीच नाही' असे म्हणण्याची वेळ आमच्यापैकी कुणावरही येऊ देऊ नकोस. आमेन.