लपविलेलें दुखणें

एखाद्या सद्गृहस्थाचा पाय मोडला, तर त्याच्या घरीं समाचारास येणाऱ्यांची रीघ लागते. त्याच गृहस्थाचें मन मोडलें, तर घराचें दार आंतून लावण्यांत येतें आणि येणाऱ्यास ‘प्रकृति जरा बरी नाहीं’ एवढेंच सांगितलें जातें. हें सांगणें खोटें नव्हे. परंतु खरेंही नव्हे. मनाचें दुखणें लपविण्याचा मनुष्यास अधिकार आहे काय, आणि असल्यास तो कोठपर्यंत, हा प्रश्न आज वाचकांपुढें मांडावयाचा आहे. तो आम्हीं पुस्तकांतून उचललेला नाहीं. विषण्णतेच्या विकारावरील औषधें आम्ही स्वतः गेलीं सोळा वर्षें घेत आहों. आणि त्यांपैकीं पंधरा वर्षें तीं रक्तदाबाचीं म्हणून सांगत आलों.

या विकारास लोक दुःख समजतात, तें बरोबर नाहीं. दुःखास कारण असतें. याला तें लागतच नाहीं. पहांटे तीनला जाग यावी आणि उजाडण्याची भीति वाटावी. उत्तरपत्रिका पुढें घ्याव्या आणि एकच ओळ दहादां वाचूनही तिचा अर्थ लागूं नये. चहा समोर निवून जावा आणि पेला उचलण्याइतकीही इच्छा होऊं नये, असें त्याचें स्वरूप असतें. हितचिंतक सांगतात, ‘मन खंबीर करा.’ मन खंबीर करावयाचें तें मनानेंच. आणि मोडलें आहे तें तेंच! मोडक्या पायाच्या मनुष्यास वैद्याकडे पळत जावयास सांगण्यांतला हा प्रकार आहे.

तथापि लपविणाऱ्यांची बाजू दुबळी आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. ‘वेडा’ हा शब्द एकदां चिकटला म्हणजे मनुष्याचें शहाणपणही संशयास्पद होतें. त्याचा राग विकार ठरतो, त्याचें मौनही विकार ठरतें. नोकरी, मुलींचीं लग्नें, सोसायटींतील मान, सर्वांवर त्याची छाया पडते. कायद्यानेंही ही भीति ओळखिली आहे. १९१२ च्या कायद्याच्या नांवांतच ‘वेड’ होतें, आणि त्याचा मुख्य कटाक्ष रुग्णास कोंडून कसें ठेवावें याकडे होता. १९८७ चा कायदा त्याहून सौम्य होता. आणि २९ मे २०१८ पासून अंमलांत आलेल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें रुग्णास आपलें दुखणें गुप्त राखण्याचा स्पष्ट हक्क दिला आहे. तेव्हां न सांगणें हा गुन्हा नव्हे, हें प्रथमच मान्य केलें पाहिजे.

परंतु न सांगणें आणि खोटें सांगणें यांत अंतर आहे. धर्मराजानें द्रोणाचार्यांस अर्धसत्य सांगितलें, तेव्हां भूमीपासून चार अंगुळें वर चालणारा त्याचा रथ खालीं टेकला, अशी कथा आहे. आमचा रथ कधींच वर नव्हता. तरी ‘रक्तदाब’ या एका शब्दाची किंमत दुसऱ्यांनीं दिली. पहिली दिली ती आमच्या पत्नीनें. आमचें गुपित तिनें आपल्या आईपासूनही राखिलें. म्हणजे आमचें दुखणें आम्हांस होतें, आणि त्याचा एकांत मात्र तिला भोगावा लागला.

दुसरी किंमत कोणी दिली, तें सांगतांना आजही लेखणी अडते. कांहीं वर्षांपूर्वीं एक हुशार विद्यार्थी महिनाभर गैरहजर राहून आमच्याकडे आला. ‘पोटाचें दुखणें होतें, सर,’ तो म्हणाला. त्याची नजर आम्हीं ओळखिली; आरशांत ती अनेकदां पाहिली होती. ‘आम्हांलाही हें झालें आहे, आणि औषधानें उतार पडतो,’ एवढें वाक्य पुरें होतें. तें ओठांपर्यंत आलें आणि परत गेलें. आम्हीं त्याच्या अर्जावर सही केली. पुढील सत्रीं तो आलाच नाहीं. त्याचें काय झालें, हें विचारण्याचें धैर्यही आम्हांस झालें नाहीं.

आम्ही दहिसरास राहतों. स्टेशनाबाहेर किंवा नदीच्या पुलावर जटा वाढलेला, स्वतःशींच बोलणारा एखादा मनुष्य दिसतो आणि आपण पाऊल उचलून पुढें जातों. घरांतला रुग्ण लपवून दिसेनासा होतो. रस्त्यावरचा दिसत असूनही दिसत नाहीं. मुंबईच्या याच उत्तर उपनगरांत डॉ. भरत वाटवानी व त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांनीं असाच एक तरुण गटारांतलें पाणी पितांना पाहिला. मात्र ते पुढें गेले नाहींत. उपचारानंतर कळलें कीं तो पदवीधर आहे, आणि त्याला घर आहे! १९८८ सालीं त्यांनीं ‘श्रद्धा’ ही संस्था काढिली. आरंभीं दोन खोल्या आणि एका वेळीं तीन रुग्ण, एवढाच तिचा पसारा होता. पुढें कर्जतला मोठें केंद्र झालें. २०१८ सालीं डॉ. वाटवानींस मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोंवर सात हजारांहून अधिक माणसें आपापल्या घरीं पोंचलीं होतीं. ज्यांस आपण बेवारस समजत होतों, त्यांची घरीं कोणी वाट पाहत होतें. पुलावरचा मनुष्य आणि आम्ही यांत भेद एवढाच कीं, आम्हांस वेळेवर वैद्य व औषध मिळालें. तो भेद आमच्या पुण्याईचा नव्हे.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणींत प्रौढांपैकीं शेंकडा सुमारें १०.६ लोकांस कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. म्हणजे साठांच्या वर्गांत हें ओझें वाहणारे सुमारें सहा जण असावयाचेच. आणि त्यांतला प्रत्येक जण आपण एकटेच आहों असें समजतो. असें त्यांस वाटतें, तें आमच्यासारख्यांच्या मौनामुळें.

म्हणून आमचें मत असें झालें आहे : रुग्णाचें गुपित हें त्याचें धन आहे. तें कोणास द्यावें, हें त्यानेंच ठरवावें. तें ओढून घेण्याचा हक्क शेजाऱ्यास नाहीं आणि वरिष्ठासही नाहीं. परंतु दोन ठिकाणीं मौनाचा अधिकार संपतो. जेथें दुसऱ्याची संमति त्या गोष्टीवर अवलंबून आहे, जसें विवाहाच्या बोलण्यांत, तेथें दडविणें म्हणजे त्या संमतीचीच चोरी होय. आणि जेथें आपलें एक वाक्य बुडणाऱ्याच्या हातीं दोर होऊं शकतें, तेथें तें गिळणें ही निष्ठुरता होय. पहिलें कर्तव्य कायद्यानें सांगतां येतें; दुसरें ज्याचें त्यानें ओळखावयाचें असतें.

गेल्या वर्षीं एका तासाला आम्हीं वर्गांत तें वाक्य उच्चारिलें. आकाश कोसळलें नाहीं. कांहीं मुलांनीं माना खालीं घातल्या, तास संपला. दोन दिवसांनीं एक मुलगी आमच्याकडे आली. तिनें सहानुभूति दाखविली नाहीं, कीं आपली हकीकतही सांगितली नाहीं. ‘सर, तुमच्या डॉक्टरांचा पत्ता द्याल का?’ एवढेंच तिनें विचारिलें. आम्हीं तो लिहून दिला. आणि लिहितांना, पोटाच्या दुखण्याचा अर्ज घेऊन उभा राहिलेला तो मुलगा आम्हांस आठवला.