पाहुण्यांचा हंगाम

दिवाळी आटोपली, रस्ते कोरडे झाले की मेळघाटात पाहुण्यांचा हंगाम सुरू होतो. परतवाड्याहून घाट चढून गाड्या सेमाडोह, हरिसाल, धारणीकडे निघतात. मागे फराळाची पाकिटे, ब्लँकेटे आणि घरात कुणाला नको झालेल्या कपड्यांची गाठोडी, पुढे बॅनर. अमरावती-अकोल्याची मंडळे असतात, पुण्या-मुंबईची महाविद्यालये असतात, चर्चचे तरुण संघ असतात. कोरकू आदिवासी पोरांची रांग लागते, वाटप होते, फोटो होतात. एखादा फोटो नीट आला नाही म्हणून त्याच पोराच्या हातात तेच पाकीट पुन्हा दिले जाते. अंधार पडायच्या आत गाड्या घाट उतरलेल्या असतात.

परदेशात याच प्रकाराला मोठे नाव आणि मोठी व्यवस्था आहे. अमेरिकेतल्या चर्चमधून तरुणांचे गट सुट्टीत आठ-दहा दिवसांसाठी मध्य अमेरिकेत, आफ्रिकेत आणि आपल्या देशातही येतात. शाळेची भिंत रंगवतात, औषधांचे शिबिर घेतात, मुलांना गाणी शिकवतात, प्रार्थना करतात आणि परत गेल्यावर रविवारच्या उपासनेत उभे राहून अनुभव सांगतात. ही ‘मिशन ट्रिप’. तिच्यावरची सगळ्यात जळजळीत टीका एका कॅथलिक धर्मगुरूनेच केली. एप्रिल १९६८ मध्ये इव्हान इलिच यांनी, मेक्सिकोत सेवेला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांच्याच संमेलनात, त्यांना तोंडावर सुनावले: पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला म्हणून येऊ नका. पुढे कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञाने हिशेबच मांडला. १९९८ च्या मिच चक्रीवादळानंतर होंडुरासमध्ये उत्तर अमेरिकेतल्या गटांनी येऊन घरे बांधली. प्रवासखर्च धरता अशा एका घरामागे सुमारे ३० हजार डॉलर पडले. तिथल्याच ख्रिस्ती संस्थेला तसे घर सुमारे २ हजार डॉलरांत बांधता येत होते. म्हणजे एका घराच्या पैशात पंधरा घरे उभी राहिली असती, आणि गवंड्याची मजुरी गावातच राहिली असती. व्हर बीक स्वतःही ख्रिस्ती विद्यापीठातलेच प्राध्यापक, त्यामुळे हा काही धर्मद्वेष्ट्याचा आरोप नव्हे.

हे वाचून आपल्यातल्या काहींना गुदगुल्या होतील. पाहा, मिशनरी असेच असतात! पण मग पाकीट पुन्हा पुन्हा हातात देणारे कोण होते? अमरावतीहून धारणीला जायला व्हिसा लागत नाही, एवढाच काय तो फरक. पाहुणा गोरा असो की आपल्याच जिल्ह्यातला, कामाची रीत तीच असेल तर दोषही तोच.

हा दोष नेमका कुठे बसतो, ते आरोग्य शिबिरात दिसते. झाडाच्या फांदीला किंवा दाराच्या चौकटीला काटा टांगायचा, खाली झोळी, झोळीत मूल. मूल रडते, काटा थरथरतो, आकडा स्थिर होईपर्यंत आई श्वास रोखून उभी. पाहुणे आकडा लिहून घेतात, पण लिहितात आपल्या वहीत. अंगणवाडीताईकडे त्या मुलाचे वाढीचे कार्ड असते. त्यावर त्या महिन्याचा ठिपका पडला का, हे कुणी विचारत नाही. पुढच्या रविवारी दुसरा गट येतो. पुन्हा झोळी, पुन्हा रडणे, पुन्हा नवी वही. मुलाचे वजन चार ठिकाणी नोंदले जाते आणि ते घटले तर दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जायची जबाबदारी त्या चारांपैकी एकावरही नसते. ती ताईवर असते. तिला मात्र पाहुण्यांसाठी सतरंज्या गोळा करायच्या आणि चहाचे पाहायचे काम मिळालेले असते. आशाताईचीही तीच गत.

आता दिनदर्शिका पाहा. मेळघाटात मुले दगावतात ती मुख्यतः पावसाळ्यात. जुलै ते सप्टेंबर घरातले धान्य संपत आलेले, आई पेरणी-निंदणीला, नाल्यांना पूर, हगवण, न्यूमोनिया, मलेरिया, आणि दवाखान्याची वाट चिखलात गेलेली. पाहुणे मात्र येतात नोव्हेंबर ते फेब्रुवारी, कारण तेव्हा हवा छान असते. शिवाय दिवाळीनंतर कितीतरी कोरकू कुटुंबे सपाटीवर कापूस वेचायला, सोंगणीला, वीटभट्ट्यांवर उतरलेली असतात. ज्यांच्यासाठी फराळ घाट चढतो, ती माणसे अचलपूर-दर्यापूरच्या शेतांत किंवा अकोटच्या वाटेवर भेटली असती. सेवेचा मुहूर्त आपल्या सुट्टीवरून काढला की असे होणारच.

मिशनऱ्यांचाच दाखला घ्यायचा तर जुन्यांचा घ्यावा. १८१३ साली मुंबईत उतरलेले गॉर्डन हॉल १८२६ साली नाशिककडच्या प्रवासात पटकीने गेले. मार्कस आणि जेनी फुलर हे जोडपे १८८० च्या दशकात अकोल्यात काम करू लागले. जेनीबाईंनी इथल्या बायकांच्या हालअपेष्टांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, त्याला पंडिता रमाबाईंची प्रस्तावना आहे. १९०० साली पुस्तक निघाले आणि त्याच वर्षी बाई वारल्या. एलिचपूर म्हणजे आजच्या अचलपूरच्या बाजूने कोरकूंमध्ये काम करणाऱ्या मिशनमधले जॉन ड्रेक यांनी १९०३ साली कोरकू भाषेचे व्याकरण छापले. या लोकांच्या हेतूवर वाद घालता येतो, घालावाच. परधर्माकडे वरून पाहायची त्यांची नजर आज वाचवत नाही, आणि ब्रिटिश सत्तेची सावली त्यांच्यावर होतीच. पण माणसाशी बोलायचे तर त्याची भाषा यावी, एवढे त्यांना कळले होते. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी धारणी-चिखलदऱ्यात बदलीवर जाणाऱ्या आपल्या किती डॉक्टरांना, गुरुजींना, ग्रामसेवकांना कोरकूत ‘कुठे दुखते’ एवढे विचारता येते?

यावर हमखास येणारे उत्तर ठाऊक आहे. सगळ्यांना जन्म वाहून देता येत नाही. नोकरी आहे, घर आहे, मग आठ दिवसही द्यायचे नाहीत का? द्यावेत की! मुक्काम थोडा असणे हा गुन्हाच नव्हे. थोड्या मुक्कामाचा सगळ्यात मोठा सेवक आपल्याच अमरावती जिल्ह्यात, शेंडगावात, १८७६ साली जन्मला. गाडगेबाबा कुठल्या गावात किती राहिले? आले, खराटा हातात घेतला, गाव झाडले, रात्री कीर्तन, भाकरी मागून खाल्ली, की पुढच्या गावाला. पण खराटा त्यांच्या एकट्याच्या हातात कधी राहिला नाही. बाबा झाडतात म्हटल्यावर गावही झाडायला उतरे. कीर्तनात प्रश्न ते विचारीत आणि उत्तर लोकांच्या तोंडून वदवून घेत. नाशिक, पंढरपूर, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या, पण स्वतःची सोय तिथे लावली नाही. निघून जाणाऱ्याने मागे काय ठेवावे आणि आपले काय ठेवू नये, हे त्यांना पक्के कळले होते.

मेळघाटातही याची चालती उदाहरणे आहेत. पुण्याची ‘मैत्री’ ही संस्था १९९७ पासून धडक मोहीम चालवते. स्वयंसेवकांच्या तुकड्या दहा-दहा दिवसांसाठी जातात, पण जातात भर पावसात, एकीमागून एक, नेमून दिलेल्या गावांत, आणि आधीच्या तुकडीने ठेवलेले काम पुढे न्यायला. धारणीजवळच्या उतावलीला डॉ. आशिष सातव यांच्या ‘महान’ संस्थेत बाहेरून प्लास्टिक सर्जन येऊन भाजलेल्या, अस्वलाने फाडलेल्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करतात. सर्जनचे काम दोन-तीन दिवसांत उरकते. टाके, ड्रेसिंग, आखडलेला हात रोज थोडा थोडा सोडवणे हे पुढचे काम आठवडे चालते आणि ते तिथे राहणारेच करतात. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी उभी हयात काढली. २०१९ साली पद्मश्री मिळाली तेव्हा कुठे अर्ध्या महाराष्ट्राला बैरागड कुठे आहे ते कळले. राहणाऱ्याचा हुकूम मानून गेलेला पाहुणा उपयोगी पडतो. स्वतःचा कार्यक्रम घेऊन गेलेला पाहुणा राहणाऱ्याच्या डोक्यावर ओझे होऊन बसतो.

कुष्ठरोगाचे काम पाहिले तर हे आणखी पटते. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला लेप्रसी मिशनचे रुग्णालय आहे. अमरावतीत शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तपोवन उभे केले. एकामागे ख्रिस्ती श्रद्धा, दुसऱ्यामागे गांधीयुगातला देशसेवेचा ध्यास. काम मात्र एकच, आणि कमालीचे कंटाळवाणे. गोळ्यांचा कोर्स सहा महिन्यांचा, जास्त जंतू असतील तर बारा महिन्यांचा. बधिर झालेला पाय रोज पाण्यात भिजवायचा, घट्टे घासायचे, तेल लावायचे, तळवा निरखून पाहायचा, कारण काटा रुतला तरी कळत नाही. मऊ रबराच्या चपला झिजल्या की बदलायच्या. यात फोटो काढण्यासारखे काही नसते, आणि दहा दिवसांत तर यातले काहीच पुरे होत नाही.

धर्माचे काय, हे टाळून चालणार नाही. ख्रिस्ती माणसाला प्रभूच्या नावाने सेवा करावीशी वाटली तर त्यात गैर काही नाही. वारकऱ्याला विठ्ठलाच्या नावाने वाटते तसेच ते आहे. आपली श्रद्धा सांगण्याचे स्वातंत्र्य घटनेने त्याला दिले आहे, आणि ऐकून ती स्वीकारण्याचे किंवा नाकारण्याचे कोरकूलाही. पण ज्याच्या हातात ताटली आहे त्याला भुकेल्याने दिलेला होकार मी होकार मानत नाही. म्हणून वाटपाच्या रांगेत प्रार्थना नको, आरती नको, घोषणाही नको. मिशनच्या नावाने बोटे मोडणारी, पण ब्लँकेटासोबत आपल्याही देवाची तसबीर वाटणारी मंडळी वऱ्हाडात आहेत. नियम त्यांनाही लागू.

उरला पैसा. ‘तिथे जाऊन आमची मुले बदलतात’ हे समर्थन चर्चही देते आणि आपली महाविद्यालयेही. व्हर बीक यांनी तेही तपासले; परतल्यावर त्या स्वयंसेवकांच्या दानात म्हणण्यासारखी वाढ दिसली नाही. आणि बदलत असतीलही, तर त्यांना बदलण्यासाठी कुपोषित पोराने रांगेत का उभे राहावे? अमरावती-अकोल्याच्या चर्च कमिट्यांनी, क्लबांनी, गणेश मंडळांनी यंदाच्या गाड्यांचे डिझेल, बॅनर, जेवणावळी आणि फराळ यांची बेरीज एकदा कागदावर मांडावी. ती रक्कम मेळघाटात आधीपासून काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला, एका गावातल्या आरोग्यसेविकेचे वर्षाचे मानधन म्हणून, नाव न छापता देता येते का, यावर बैठकीत मतदान घ्यावे. आणि जायचेच ठरले, तर ऑगस्टात जावे, चार कोरकू वाक्ये पाठ करून जावे, आणि आधी फोन करून विचारावे की आमची गरज आहे का. ‘यंदा नको’ असे उत्तर आले तर ते ऐकून घ्यावे आणि पैसे तरीही पाठवावेत.