वेध आणि वेळापत्रक

आकाशनिरीक्षणाच्या एका कार्यक्रमात एक तरुण इंजिनिअर मला म्हणाला, "सर, स्टारलिंकचा वेध कशाला घ्यायचा? तो कुठे आहे ते कंपनीच सांगते की!" बोलण्यात उद्धटपणा नव्हता, त्याला खरोखरच प्रश्न पडला होता. मला मात्र ते वाक्य सलत राहिलं. आपण स्वतः पाहायचं, मोजायचं आणि मग मानायचं, या शिस्तीवर माझं आकाशावरचं प्रेम उभं आहे. ती शिस्तच फालतू ठरत असेल तर उत्तर द्यायला हवं.

स्टारलिंक म्हणजे काय, हे आता सांगायला नको. मे २०१९ मध्ये पहिले ६० उपग्रह एकदम सुटले आणि दिव्यांची ती माळ जगाने पाहिली. नेदरलँड्समधल्या लायडनहून मार्को लांगब्रुक यांनी केलेलं तिचं चित्रण गाजलं. त्यामागची तयारी फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. उड्डाणाच्या माहितीवरून त्यांनी संभाव्य कक्षा आधीच मांडली होती आणि कॅमेरा लावून ते वाट पाहत होते.

साडेपाचशे किलोमीटर उंचीवरचा हा उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरांहून अधिक अंतर कापतो आणि सुमारे ९५ मिनिटांत पृथ्वीला फेरी मारतो. घड्याळात एका सेकंदाची चूक झाली, तर स्थानात तेवढ्या किलोमीटरांची चूक होते. म्हणून ओळखीच्या दोन ताऱ्यांमधून तो ठिपका कोणत्या क्षणी गेला, हे सेकंदाच्या दशांशापर्यंत टिपायचं असतं. असे काही वेध हाती आले की कक्षा बांधता येते. रेडिओचाही मार्ग आहे. १९५७ मध्ये स्पुटनिक सुटल्यावर जॉन्स हॉपकिन्सच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख यांनी त्याच्या सिग्नलची कंप्रता जवळ येताना आणि दूर जाताना कशी बदलते, एवढ्यावरून त्याची कक्षा काढली. आज अमेरिकी लष्कर रडारने मोजून एकेका वस्तूची कक्षा ६९-६९ अक्षरांच्या दोन ओळींत लिहितं. टी. एस. केल्सो यांच्या सेलेस्ट्रॅकवर त्या ओळी कोणालाही मिळतात. मोबाइलवरची बहुतेक ॲप त्यांच्यावरच चालतात.

आकाशात फिरणाऱ्या वस्तूंचे मी नेहमी दोन वर्ग करतो. काहींना फक्त मार्ग असतो, काहींना इरादाही असतो. चंद्र, गुरू, धूमकेतू, बंद पडलेला उपग्रह, रॉकेटचा रिकामा टप्पा, हे सगळे पहिल्या वर्गातले. ते उद्या कुठे असतील हे कोणाला विचारावं लागत नाही, गणित करावं लागतं. एप्रिल २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरी गावात आकाशातून धातूचं मोठं कडं पडलं. ते चीनच्या रॉकेटचा अवशेष असावं, हे जोनाथन मॅक्डॉवेल या खगोलशास्त्रज्ञाने अमेरिकेत बसून सांगितलं, कारण कक्षांच्या नोंदी त्याच्यापुढे होत्या. स्टारलिंक दुसऱ्या वर्गातला. त्याला आयन इंजिन आहे आणि टक्कर संभवते असं दिसलं की तो आपला आपण बाजूला होतो. २०२४ च्या आसपास सहा महिन्यांत अशा सुमारे ५० हजार हालचाली झाल्याचं कंपनीच्या अमेरिकी दूरसंचार आयोगाला दिलेल्या अहवालात आहे.

पहिल्या वर्गासाठी आपल्याकडच्या माणसांनी केवढा जीव टाकला आहे! कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ १५२० मध्ये 'ग्रहलाघव' लिहितात आणि ज्या-कोज्यांची कटकट टाळून ग्रहांची स्थानं काढून देतात. त्यांचे वडील केशव दैवज्ञ स्वतः वेध घेणारे होते. पुढे आकडे आणि आकाश यांचा मेळ बसेना, तेव्हा व्यंकटेश बापूजी केतकरांनी नवं गणित रचलं. पंचांगाच्या वादात टिळक दृक्प्रत्ययाच्या बाजूने उभे राहिले. कागदावर आलेलं स्थान डोळ्यांना तिथेच दिसलं पाहिजे, ही त्या सगळ्यांची अट होती. तिथी आणि ग्रहण यांच्यासाठी माणसं एवढ्या हिरिरीने भांडली, हे वाचताना मला आजही भरून येतं. अर्थात त्यांच्यापुढे कधी एखादा ग्रह मनात आलं म्हणून वळला नव्हता.

आता त्या तरुणाचं म्हणणं. उपग्रहावर जीपीएस आहे, कंपनीला त्याचं स्थान अगदी बारकाईने कळतं, पुढच्या दिवसांचं अपेक्षित स्थानही ती जाहीर करते, मग तुमच्या स्टॉपवॉचचं काय काम? अचूकतेपुरतं हे कबूल. पण कंपनी या व्यवहारात पक्षकार आहे, आणि पक्षकाराचं म्हणणं पुरावा म्हणून कोणी तसंच घेत नाही. इंग्लंडमधल्या केटरिंग ग्रामर स्कूलमध्ये जेफ्री पेरी या शिक्षकाने विद्यार्थ्यांना घेऊन रेडिओवर सोव्हिएत उपग्रह ऐकले, आणि १९६६ मध्ये सोव्हिएत संघाने जगापासून लपवलेला प्लेसेत्स्कचा उड्डाणतळ त्या मुलांनी गणिताने शोधून काढला. स्वतंत्र साक्षीदाराची किंमत यापेक्षा वेगळी काय सांगावी? सप्टेंबर २०१९ मध्ये युरोपीय अवकाश संस्थेला स्टारलिंकच्या एका उपग्रहापासून आपला इओलस उपग्रह वाचवायला तो सरकवावा लागला. धोका वाढल्याचा इशारा संदेशयंत्रणेतल्या बिघाडामुळे आपल्या माणसापर्यंत पोचलाच नाही, असा कंपनीचा खुलासा नंतर आला. वस्तूचा मालक सगळं जाणतो, हे गृहीत तिथेच ढासळतं.

एवढं म्हणून थांबता आलं असतं. पण १० फेब्रुवारी २००९ ची घटना मला थांबू देत नाही. त्या दिवशी सायबेरियावर, सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर, इरिडियम-३३ हा चालू उपग्रह आणि कॉस्मॉस-२२५१ हा मृत उपग्रह एकमेकांवर आदळले. जाहीर नोंदींवरून काढलेल्या त्या दिवसाच्या भाकितात ते एकमेकांपासून ५८४ मीटरवरून जाणार होते, आणि त्यांच्याहून धोकादायक वाटणाऱ्या जोड्या यादीत वर होत्या. म्हणजे साक्षीदार जागे होते, नोंदी खुल्या होत्या, तरी टक्कर झाली. डिसेंबर २०२५ मध्ये चीनच्या जिउच्वानहून सुटलेला एक उपग्रह स्टारलिंकच्या ६०७९ क्रमांकाच्या उपग्रहापासून सुमारे २०० मीटरवरून गेला, असं स्टारलिंकचं अभियांत्रिकी सांभाळणाऱ्या मायकेल निकोल्स यांनी जाहीर केलं. आधी समन्वय झालाच नव्हता, ही त्यांची तक्रार रास्त होती. वेध घेणारा काल काय झालं ते सांगतो. ज्याला इरादा आहे, त्याचं उद्याचं स्थान त्याच्या मालकाखेरीज कोणी सांगू शकत नाही. इथे तो तरुण बरोबर आहे, आणि वेध सगळ्यात आधी हा माझा क्रम मला बदलावा लागतो. आधी वेळापत्रक हवं.

मात्र वेळापत्रक म्हणजे वचन. एसटीचं वेळापत्रक फलकावर असतं म्हणून गाडी आली असं होत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये कंपनीने ४९ उपग्रह सुमारे २१० किलोमीटरवर सोडले. सौरवादळाने वरचं वातावरण फुगलं, घर्षण वाढलं आणि त्यांतले जवळजवळ ४० उपग्रह गेले. कंपनीचा इरादा साफ होता, निसर्गाने तो मोडला. तेव्हा वेध घेणाऱ्याचं काम संपलेलं नाही, बदललं आहे. जाहीर केलेलं आणि घडलेलं यांतला फरक मोजणं, हा आजचा दृक्प्रत्यय. तो मोजायचा, तर जाहीर केलेलं काहीतरी समोर असायला हवं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने स्टारलिंकशी इरादापत्र केलं आणि गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशीम ही नावं पुढे आली. तिथल्या शाळांना आणि दवाखान्यांना ही इंटरनेटची जोडणी मिळावी, असं मला मनापासून वाटतं. पण आकाशात आता एकटी स्टारलिंक नाही. ॲमेझॉनचे उपग्रह जाताहेत, चीनचे जाताहेत, वनवेबचे ७२ तर इस्रोच्या एलव्हीएम-३ नेच नेले. परवाना देणं आणि रॉकेट देणं, या दोन्ही किल्ल्या भारताच्या हाती आहेत. त्या फिरवताना प्रत्येक चालकाला एक अट घालावी: आपल्या प्रत्येक उपग्रहाचं पुढच्या तीन दिवसांचं अपेक्षित स्थान आणि ठरवलेली प्रत्येक हालचाल त्याने दिवसातून निदान एकदा जाहीर करावी, मोफत, आणि नांदगावच्या शाळेतल्या मुलालाही उघडता येईल अशी.